ऊब मोजायला आजऱ्याला

स्वारगेटला कोल्हापूरची गाडी लागली आणि मी माझा हीटर ओढत गाडीपाशी नेला, तेव्हा कंडक्टरने आधी हीटरकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, आमच्याकडं एवढी थंडी न्हाय ओ," तो म्हणाला. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. त्याने निमूटपणे हीटरचंही तिकीट फाडलं. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता, पहाटेची गाडी होती, डावा गुडघा आदल्या दिवसापासून कुरकुरत होता आणि निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. एवढं सांगितलं म्हणजे माझ्या उत्साहाचा अंदाज येईल.

मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. माझं काम भिंती मोजण्याचं. लांबी-रुंदी नव्हे, हिवाळ्यात घरातली ऊब भिंतीतून किती बाहेर जाते ते मोजायचं. भिंतीच्या आतल्या बाजूला पुरीएवढी एक चकती चिकटवायची, आत एक तापमापक, बाहेर एक तापमापक, आणि या सगळ्यांच्या वायरी एका डबीत न्यायच्या. डबी दर दहा मिनिटांनी आकडे लिहून ठेवते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम हवी, म्हणून हीटर. तीन दिवस भिंतीला कुणी हात लावायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. एकतीस वर्षं मी हे करते आहे आणि तीन दिवस भिंतीला हात न लावणारं घर मला अजून क्वचितच भेटलं आहे.

आमच्या विभागप्रमुखांना कोल्हापूर जिल्ह्यातल्या तीन भिंती हव्या होत्या. एक शहरातली विटांची, एक पन्हाळ्याची दगडी आणि एक आजऱ्याकडची, घरकुल योजनेतली सिमेंटच्या ब्लॉकची. सर माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहेत आणि स्वभावाने चांगले आहेत. त्यांना गुडघा म्हणजे काय ते अजून कळायचं आहे, एवढंच.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका निवृत्त मास्तरांचं घर ठरलं होतं. मास्तरांनी स्टॅंडवर येऊन हीटर उचलला आणि वाटेत लोणी डोसा खाऊ घातला. डोशावर लोण्याचा गोळा ठेवतात आणि तो विरघळेपर्यंत कुणी बोलत नाही, ही पद्धत मला फार आवडली. घरी पोचल्यावर मी चकती लावली आणि छापील फॉर्म काढला. त्यात पहिलाच प्रश्न होता: हिवाळ्यात आपल्या घरातील उष्णता कमी होते का?

"व्हय, होती की," मास्तरांच्या पत्नी आनंदाने म्हणाल्या. मग त्यांनी मला सांगितलं की उष्णता जाते ते बरंच, कारण यांच्या तोंडात सारखे फोड येतात. सब्जा झाला, गुलकंद झाला, काही म्हणता काही उपयोग नाही. माझं यंत्र भिंतीची उष्णता काढतं, तर यांचीही थोडी काढता येईल का, असंही त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न थट्टेचा नव्हता.

मी बॅगेतले जुने फॉर्म चाळले. सातारा, वाई, महाबळेश्वर. जवळपास सगळ्यांनी त्या प्रश्नावर 'हो' लिहिलेलं होतं आणि पुढे 'बरे वाटते' असंही. आपल्याकडे उष्णता म्हणजे उतरवायची गोष्ट. ती गेली तर कोण तक्रार करील? इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात येऊ नये याची मला खरोखर लाज वाटली. मी पेनाने सगळ्या कोऱ्या फॉर्मवरचा 'उष्णता' शब्द खोडला आणि वर 'ऊब' लिहिलं.

विटांच्या भिंतीचं काम विनातक्रार झालं. तीन दिवस मी रंकाळ्यावर बसून गुडघा शेकला आणि चौथ्या दिवशी पन्हाळ्याची गाडी धरली.

पन्हाळ्यावर सकाळी धुकं असं उतरतं की समोरचा माणूस आधी खोकल्यावरून ओळखावा लागतो. तिथे एका जुन्या दगडी सरकारी इमारतीतली रिकामी खोली मला मिळाली होती. भिंत अडीच फुटांची, मजबूत, बघूनच समाधान वाटावं अशी. मी चकती लावली, हीटर सुरू केला आणि पहारेकरी काकांना बजावलं की कशालाही हात लावू नका. तीन दिवस झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं. मग खोलीत जाऊन डबी उघडली, तर संध्याकाळी सहा ते सकाळी दहा खोली थंडगार असल्याची नोंद. काकांना विचारलं. ते म्हणाले की त्यांनी यंत्राला बोटही लावलं नाही. फक्त जाताना बटण बंद केलं आणि आल्यावर लावलं. बावीस वर्षं ते रोज सगळ्या खोल्यांची बटणं बंद करूनच कुलूप लावतात. त्यांच्यावर रागवायची सोय नव्हती, इतका तो माणूस सरळ होता. मी चकती काढली, तीन दिवस पाण्यात गेले असं सरांना कळवलं आणि खाली उतरले.

आजऱ्याला जाणारी गाडी निपाणीवरून उत्तूरमार्गे जाते. वाटेत थोडा वेळ दुकानांच्या पाट्या कानडी होतात, मग पुन्हा मराठी, आणि कंडक्टर दोन्हीकडे तितक्याच मोठ्याने ओरडतो. उत्तूरच्या पुढे झाडी दाट व्हायला लागते आणि हवा बदलते. आजऱ्याच्या स्टॅंडवर उतरल्याबरोबर नाकात काजूच्या टरफलांचा जळका, उग्र वास शिरला. काजू फोडायचे कारखाने जवळच आहेत. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बायकांची बोटं टरफलांच्या तेलाने काळी पडलेली होती आणि त्या काळ्या बोटांनी त्या मला केळं सोलून देत होत्या. मी खाल्लं.

आजऱ्यापासून चार किलोमीटरवरच्या एका वस्तीत मला घर ठरवून दिलं होतं. रिक्षातून उतरले तेव्हा घरचे आप्पा उभेच होते. पंचावन्नच्या आसपास वय, उंच, हाताचे पंजे मोठे. "जय भीम म्याडम," म्हणून त्यांनी हीटर एका हातात आणि माझ्या यंत्रांची पेटी दुसऱ्या हातात घेतली. आप्पा गवंडी. नवी खोली त्यांनी स्वतःच बांधलेली. तिच्या मागे जुनी खोली, पांढऱ्या मातीची, हातभर जाडीच्या भिंतींची. ती संक्रांतीनंतर पाडायची होती. वस्तीवर आता सगळ्यांच्या नव्या खोल्या झाल्या आणि मातीचं घर कुणाला राहू द्यायचं नव्हतं.

घरात आप्पांची बायको होती, सगळी वस्ती तिला आक्का म्हणते, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी सुवर्णा. सुवर्णाला मुलगी झाली होती, पण दिवस भरायच्या महिनाभर आधी. बाळ दोन किलोचंही नव्हतं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: हिला थंडी लागू देऊ नका. आईच्या अंगाशी ठेवा, खोली गरम ठेवा, वजन उतरलं तर उचलून परत आणा.

आता मला कळलं की आमचा हीटर घरात घ्यायला ही मंडळी एवढ्या चटकन कशी तयार झाली. वस्तीतल्या बाकीच्यांनी 'मशीन' म्हटल्यावर नाही म्हटलं होतं. आप्पांनी हीटर म्हटल्यावर हो म्हटलं. माझी काही तक्रार नव्हती. दोघांचंही काम होत होतं.

बाळ-बाळंतीण अर्थातच नव्या खोलीत होती. घरातली सगळ्यात चांगली जागा ती. फरशी, रंग, खिडकीला काच, उत्तरेच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. चकतीला उत्तरेचीच भिंत लागते, म्हणून आप्पांनी तसबीर काढून स्वतःच शेजारच्या भिंतीवर लावली. मी चकती चिकटवत असताना ते मागे उभे राहून बघत होते.

"वळंब्यात हाय," ते म्हणाले. भिंत सरळ आहे, ओळंबा लावून बघा, असा त्याचा अर्थ.

मी म्हटलं, दिसतंच आहे. भिंत खरोखरच सुबक होती. गिलावा असा की हात फिरवावा. चार इंची ब्लॉक होते, हे मी वहीत लिहिलं आणि तोंडाने काही बोलले नाही.

आक्का चहा घेऊन आली. तिने विचारलं की हे यंतर करतं तरी काय. मी नुकताच शब्द बदलला होता, त्यामुळे मोठ्या झोकात सांगितलं, "घरातली ऊब भिंतीतून बाहेर जाते. ती किती जाते ते हे मोजतं." आक्काने चकतीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. पहिल्यांदाच कुणाला तरी माझं काम एका वाक्यात समजलं, म्हणून मी स्वतःवर खूश झाले.

मला झोपायला जुनी खोली दिली आणि त्याबद्दल सगळ्यांनी माफी मागितली. भाताची पोती होती तिथे, एक बाज होती, शेणाने सारवलेली जमीन. "वाईट वाटून घेऊ नगा," आक्का दोनदा म्हणाली. मी गेल्या आठवडाभरात इतकी गाढ कुठेच झोपले नव्हते. गुडघासुद्धा गप्प होता.

बाळंतिणीच्या खोलीत मी उगाच जात नव्हते. एक तर बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे जास्तीच्या माणसाच्या अंगाची ऊबही आकड्यांत येते. दुसऱ्या दिवशी आजरा हिंडले. काजूच्या कारखान्यात पाच मिनिटं उभी राहिले आणि डोळे चोळत बाहेर आले. दुपारी आक्काने घनसाळ भात वाढला. हा इथला तांदूळ, बारीक आणि असा वासाचा की शेजारच्या घरात शिजला तरी कळतं. त्यावर कुळथाचं पिठलं. मी दोनदा मागून घेतलं. त्याच दुपारी आशाताई आल्या होत्या, गावातल्या आरोग्यसेविका. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करून त्या हसत बाहेर आल्या. घरी आल्यापासून पहिल्यांदा काटा वर सरकला होता, वीस ग्रॅम का होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाराबाहेर ठेवलेली डबी उघडली आणि माझं डोकं भणाणलं. पहिल्या दुपारी भिंतीतून ऊब चांगली भसाभसा जात होती. संध्याकाळी सहा वाजल्यापासून ती एकदम निम्म्यावर आली होती आणि दोन दिवस तशीच होती. भिंत अशी संध्याकाळी सहाला सुधारत नाही. चकती सुटली असणार, नाहीतर वायर तुटली. पन्हाळा फुकट गेलं, आता हेही.

मी आत गेले. उत्तरेची भिंत दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत तिच्यावर वाकळा (जुन्या लुगड्यांच्या, हाताने शिवलेल्या जाड गोधड्या) टांगलेल्या होत्या, चार, एकीवर एक चढवून, खिळ्यांना सुतळीने बांधून. माझी चकती त्यांच्या मागे गुदमरून पडली होती.

मी रागावले. बाळंतिणीच्या खोलीत आवाज चढवू नये एवढंही भान मला राहिलं नाही. भिंतीला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं की नव्हतं, दोन दिवस वाया गेले, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून, असं बरंच काही बोलले. मग आक्का म्हणाली, "हात न्हाय लावला ओ भितीला. तुमीच म्हणालासा की, ऊब जाती म्हणून. जाती म्हटल्यावर जाऊ द्यायची व्हय?"

समोरचा बरोबर बोलला की माणूस जास्तच ताठ होतो. मी म्हटलं, मला उघडी भिंत हवी आहे, निदान एक दिवस. सुवर्णाने बाळाला खांद्याशी धरून एका हाताने सुतळ्या सोडल्या. वाकळा तिने घडी करून पायथ्याशी ठेवल्या. मी त्याला होकार समजले.

चौथ्या दिवशी आशाताई सकाळी लवकर आल्या. मी अंगणात दात घासत होते. आतून त्यांचा आवाज आला. "हिचं तळवं बघ. बर्फ झाल्यात." मी चूळ भरून आत गेले. त्यांनी बाळाला उघडं करून सुवर्णाच्या छातीशी पोलक्याच्या आत घातलं होतं आणि वरून पदर, शाल, जे हाताला लागेल ते गुंडाळत होत्या. पहाटे तीनला लाइट गेली होती आणि सातला आली होती. पोर रात्रीपासून नीट प्यायली नव्हती. वजन केलं तर परवाचे वीस ग्रॅम गेले होते आणि वर आणखी चाळीस. आशाताई म्हणाल्या की तासाभरात तळवे गरम झाले नाहीत तर गाडी बोलवायची.

तो तास मी डबी घेऊन ओट्यावर बसून काढला. काहीतरी करायचं म्हणून आकडे काढले. लाइट बुधवारी, म्हणजे मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेही गेली होती, तेवढाच वेळ. वाकळा होत्या तेव्हा खोली दोन अंशांनी उतरली होती. आज पहाटे, उघड्या भिंतीने, ती सहा अंशांनी उतरली होती. माझी चूक दर दहा मिनिटांनी, तारीख-वेळेसकट, लिहून ठेवलेली होती. आपण आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवत आलो आणि या आकड्यांकडे बघवत नाही, असं मला पहिल्यांदाच झालं. मी रडले. थकव्याने रडले म्हणा, पण रडले.

तासाभराने आशाताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, प्यायली. तळवे कोमट झालेत. गाडी नको.

मग मी आप्पांना बाजूला घेतलं आणि म्हटलं की बाळाला मागच्या खोलीत न्या, आत्ताच. हीटरही तिकडे. नव्या खोलीतून उचलून नात पाडायच्या खोलीत न्यायची, हे त्यांच्या जिवावर आलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी पोती बाहेर काढली, आक्काने जमीन पुसली, आणि दुपारच्या आत मायलेकी जुन्या खोलीत गेल्या. मी चकतीही तिकडच्या भिंतीवर लावली. परतीचं तिकीट गेलं, सरांना तसं कळवलं. ते म्हणाले, "पण मातीची भिंत आपल्या यादीत नाही." मी म्हटलं, आता आहे.

ती रात्र मी नव्या खोलीत काढली, हीटरशिवाय, अंगावर दोन वाकळा घेऊन. सकाळी डबीचं झाकण उघडायला बोटं वळत नव्हती. भिंतीकडची कूस तर बधिर झाली होती. मागच्या खोलीतून मात्र पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत, आणि आक्का म्हणत होती की कालपासून हिला भूक आवरत नाही. त्या रात्रीही लाइट गेली होती. मातीची खोली जेमतेम दीड अंशाने उतरली होती.

आप्पा माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. "आकडा सांगा," ते म्हणाले. "तुमच्या सायबास्नी नंतर, आदी मला सांगा."

मी सांगितलं. नव्या भिंतीतून जुन्या भिंतीच्या दुपटीहून जास्त ऊब जाते. आक्काच्या वाकळांनी नव्या भिंतीला जुनीच्या पंक्तीला आणून बसवलं होतं, त्या मी काढल्या. हेही सांगितलं.

"ब्लाक चार इंचीच दिलंतं," आप्पा म्हणाले. थोडा वेळ ते आपल्या हातांकडे बघत बसले. "पर बांधली म्या."

मी म्हटलं, बांधकामात काही खोट नाही आप्पा, भिंत पातळ आहे एवढंच. त्यांनी ते ऐकलं असं वाटलं नाही. "असल्या अकरा खोल्या बांधल्यात म्या हितं," ते म्हणाले. "त्यास्नी कोण सांगणार?"

मी म्हटलं, अहवाल जाईल. कुठे जाईल, कधी जाईल, हे त्यांनी विचारलं नाही. बरं झालं, मलाही ते नीट माहीत नव्हतं.

दुपारी मी निघाले. हीटर मी तिथेच ठेवला. सुवर्णाने तो माझ्या सामानात आणून ठेवला होता, मी परत नेऊन लावला, आणि कॉलेजच्या वहीत 'मोजणी चालू' असं लिहिलं. पेटी आप्पांनी खांद्यावर घेतली. गाडीचा थांबा वस्तीच्या दुसऱ्या टोकाला होता. पहिल्याच घरापाशी आप्पा थांबले, पेटी खाली ठेवली आणि हाक मारली. एक जण बनियनवर बाहेर आला. आप्पा त्याला म्हणाले की उत्तरेच्या भिंतीला आतून वाकळा लाव, पोरं त्या भिंतीकडून निजवू नको.

तो माणूस हसायला लागला. "आप्पा, तूच म्हणालतास न्हवं, शंभर वर्सं हलत न्हाय म्हणून?"

"हलत न्हाय," आप्पा म्हणाले. "पर गार हाय. म्या बांधलीया, मला ठावं हाय. माझी नात काल गार पडलीती."

त्या माणसाचं हसू थांबलं. आप्पांनी पेटी उचलली आणि पुढच्या दारात ठेवली. तिथेही तेच. मी मागे मागे चालत होते, मध्येच कुणाच्या ओट्यावर बसत होते. कुणी चहा विचारला, कुणी माझ्याकडे संशयाने पाहिलं. एका म्हातारीने आप्पांना स्पष्टच सुनावलं की तुझ्या हाताला आता वय झालं. त्यांनी मान हलवली आणि तिच्या घरात शिरून स्वतःच खिळे ठोकले. एक गाडी समोरून निघून गेली. अकराव्या घरातून ते बाहेर आले तेव्हा दुसरीही जाताना दिसली. आप्पांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, "लई उशीर झाला का तुमास्नी?"

मी म्हटलं, नाही.

पुण्याला परतल्यावर सरांनी तक्ता पाहिला आणि मंगळवार ते गुरुवारच्या आकड्यांवर रेघ मारायला सांगितलं, कारण त्या काळात भिंत झाकलेली होती. मी रेघ मारली नाही. त्याची वेगळी ओळ केली: चार इंची ब्लॉकची भिंत, आतून वाकळांसह. सरांनी विचारलं, वाकळ म्हणजे नक्की काय? मी सांगितलं. त्यांनी ओळ राहू दिली, आणि हीटरचं विचारायचं राहून गेलं. नंतर सुवर्णाचा फोन आला. पोर दोन किलोच्या वर गेली आहे, नाव अजून ठरत नाही, आणि आप्पांनी मागची खोली पाडायचं रद्द केलं आहे.

फोन ठेवल्यावर मी कपाटातून माझ्या नोंदींची वही काढली. एकतीस वर्षांची घरं आहेत तीत. मालकाचं नाव, गाव, भिंत कशाची, जाडी किती, आकडा किती. सगळं नेटक्या अक्षरात. त्यातली कितीतरी घरं वाईट होती, आणि ती वाईट आहेत हे मला तिथून निघताना माहीत होतं. मी चकती काढली, चहा घेतला आणि गाडी धरली. आप्पांचं सोडलं तर एकाही घराला मी त्याचा आकडा सांगितलेला नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आणि मनाशी म्हणत राहिले की दमले होते, वेळ नव्हता. आप्पांनी अकरा दारं दीड तासात उरकली होती.